दारातून न निघणारा पलंग

माझ्या भावाने तो पलंग खोलीतच बसून बांधला, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं. कारखान्यात बांधला असता तर तो दारातून आत आला असता आणि दारातूनच बाहेर गेला असता, आणि मला ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं. पण देवाला एखाद्याचं भलं करायचं असलं की तो आधी त्याच्याच हातून एक चूक करवून घेतो, असं माझं आपलं म्हणणं आहे.

भाऊ सुतारकाम करतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. मी त्याची थोरली बहीण, पण मीही मिस्त्रीच म्हणते. लहानपणी खेळणं हातात आलं की तो खेळायचा नाही, उघडून पुन्हा जोडायचा. त्याची बायको इस्पितळात नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणतात, आणि घरात मिस्त्रीही तिला सिस्टरच म्हणतो. त्यांची मुलगी दुसरीत आहे. एका जागी ठरत नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

भिंगरी शाळेत जायला लागली तेव्हा तिने एकदा जाहीर केलं की यापुढे मी उंचावर झोपणार. बापाने ते मनावर घेतलं. सुट्टीचा दिवस आला की तो खोलीत लाकूड घेऊन बसायचा. वर भिंगरीची झोपायची जागा, खाली गोष्ट सांगायला येईल त्याची. वर जायला पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी म्हणजे एक खण. उशाशी एक गोल खिडकी, तिच्यातून डोकं काढून ती खालच्याला हुकूम सोडणार. सगळं सांध्यात सांधा बसवून, लाकडी खुंट्या ठोकून, सरस लावून केलेलं. येईल त्या पाहुण्याला मिस्त्री सांगायचा की यात एक खिळा दाखवा आणि म्हणाल ते हरतो. पाहुणे वाकून वाकून बघायचे आणि माना डोलवायचे. पलंग दारापेक्षा रुंद आहे हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची दारं मोजणाऱ्या मिस्त्रीच्याही नाही.

मग दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. कारण विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. दोघंही सोन्यासारखी, पण सोन्यावर सोनं घासलं तरी ओरखडा उठतो. तिची कधी सकाळपाळी, कधी रात्रपाळी, आणि हा दिवसभर रंध्यावर. समोरासमोर आले की बोलणं निघायचं ते मागच्या वेळी अर्धवट राहिलेल्या भांडणाचं. काही दिवसांनी भांडणंही थांबली, आणि तेव्हा मी ओळखलं की संपलं. भांडणारी माणसं अजून एकमेकांची असतात. निमूट जेवून ताट उचलणारी नसतात. मी देवाला बरंच आळवलं, दोघांना बरंच समजावलं, आणि शेवटी गप्प बसायला शिकले. तेही त्याच्याच कृपेने म्हणायचं.

अर्ज दोघांच्या संमतीने झाला. कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीशांपुढे उभं राहण्याआधी समुपदेशक बाईंकडे बसावं लागतं. पहिल्या दिवशी दाराशी मिस्त्री सवयीने म्हणाला, सिस्टर, तू आधी आत जा. तिथला कारकून चष्म्यावरून बघतच राहिला. भावाबहिणीचा घटस्फोट या मजल्यावर होत नाही, असं त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं आणि त्यांना जमिनीच्या वाटण्या करणाऱ्या खात्याची वाट दाखवली. सिस्टरला हसू आवरेना. मिस्त्रीही हसला. नवरा-बायको म्हणून ती दोघं कितीतरी दिवसांनी एकत्र हसली, आणि तेही घटस्फोटाच्या दाराशी. देवाची लीला.

समुपदेशक बाईंची खोली लहानशी होती. दोन मोठ्या खुर्च्या, एक बुटकी खुर्ची, डब्यात रंगीत खडू, आणि खिडकीत कुणीतरी मनापासून वाढवलेलं एक रोप. बाई बोलायच्या हळू, पण शब्द ठोकून बसवलेल्या खुंटीसारखा. नवरा-बायको हे पद तुम्ही सोडताय, त्या म्हणाल्या, पण आई-बाप या पदाचा राजीनामा इथे कुणी घेत नाही. मग त्यांनी बरंच काही सांगितलं. मुलीला जे सांगायचं ते दोघांनी एकत्र बसून सांगा, आणि एकच सांगा, नाहीतर ती दोन गोष्टींच्या मधे अडकेल. तिच्या हाती एकमेकांना निरोप पाठवू नका. तिकडे काय चाललंय असं तिला विचारू नका. एकमेकांची उणीदुणी तिच्यासमोर काढू नका. उसासासुद्धा टाकू नका, मुलं उसासे वाचतात. शाळेला दोघांनी मिळून कळवा, म्हणजे मास्तर एकालाच बोलावणार नाहीत. डॉक्टरांच्या कागदांची एकेक प्रत दोघांकडे असू द्या.

हे सगळं दोघांनी मान खाली घालून ऐकलं आणि कबूल केलं. गाडी अडली ती एकाच ठिकाणी: मुलगी राहणार कुणाकडे. आई म्हणाली माझ्याकडे, बाप म्हणाला माझ्याकडे, आणि दोघांकडे कारणं भरपूर. बाईंनी सगळी ऐकून घेतली आणि सांगितलं की तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत, तर न्यायाधीश त्यात मुलीचं भलं आहे ना एवढं पाहतील आणि बहुधा तेच मान्य करतील. तुम्हाला ठरवता आलं नाही तर ते ठरवतील. आणि मग कदाचित मुलीला आत बोलावून विचारतील.

बाईंचं हे बोलणं बाहेर ऐकू आलं. दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी भिंगरी बसली होती. तिचे पाय हलायचे थांबले. भिंगरीचे पाय थांबले की समजावं, आत काहीतरी जोरात फिरतंय.

घरी जाताना तिने मला विचारलं.

"आत्या, मला विचारणार का, आई पाहिजे की बाबा पाहिजेत?"

मी म्हटलं, विचारतीलच असं काही नाही. मोठी माणसं शहाणी असली तर विचारायची वेळच येत नाही. तिने थोडा विचार केला. मोठ्या माणसांच्या शहाणपणावर तिचा फारसा भरवसा दिसला नाही.

"मग मी मुकी होते," ती म्हणाली. "मुक्या माणसाला विचारून काही उपयोग नसतो."

आणि झाली की. त्याच संध्याकाळी जेवताना तिने मीठ खुणेने मागितलं. पाणी मागायला अंगठा तोंडाकडे नेला. दूध नको म्हणायला असा काही अभिनय केला की एखाद्या नटाने शिकवणी लावावी. मिस्त्रीला वाटलं दाढ दुखतेय. सिस्टरने तिला उजेडात बसवून घसा तपासला, मानेच्या गाठी चाचपल्या, तापमान घेतलं, सगळं ठणठणीत. दुसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला की मुलगी आज हजेरीलाही बोलली नाही, फक्त हात वर केला. मग मला राहवेना. मी दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं, दार लावलं आणि खरं काय ते सांगितलं. ती सराव करतेय, म्हटलं. तुमच्यातल्या एकाला नको म्हणावं लागू नये, म्हणून जीभच बांधून ठेवतेय.

मिस्त्री भिंतीला टेकून उभा राहिला. सिस्टरने नळ उघडला आणि धुतलेलाच पेला पुन्हा धुतला. कुणी कुणाला दोष दिला नाही, कारण दोष दोघांचा मिळून एकच होता. काहीही करू, पण तिला तो प्रश्न विचारायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढं त्या स्वयंपाकघरात ठरलं.

घाईने का होईना, तोडगा निघाला. सिस्टरने दोन गल्ल्या पलीकडे खोली पाहिलीच होती. भिंगरीने एक आठवडा आईकडे राहायचं, एक आठवडा बापाकडे. आणि पलंग आईकडे जाणार. हे मिस्त्रीनेच पुढे होऊन सांगितलं. नव्या जागी लेकीला परकं वाटायला नको, माझ्याकडे काय, भिंती तर ओळखीच्या आहेत, असं तो म्हणाला, आणि बोलताना त्याने पेन्सिल कानामागून काढून पुन्हा कानामागे ठेवली. समुपदेशक बाईंनी ते मसुद्यात घातलं आणि सुचवलं की सुनावणीच्या आधी काही दिवस असं राहून बघा. कागदावर चालतं ते घरात चालतंच असं नाही. मुलीला दोघांनी एकत्र बसवून सांगितलं. तिने मान हलवली. बोलली नाही. तिच्या मते अजून धोका टळला नव्हता.

सामान हलवायच्या दिवशी मीही गेले. हमाल आले. त्यांचा मुकादम झुबकेदार मिशांचा, बोलायला गोड आणि मनाने खट्याळ. खुर्च्या गेल्या, आईचं कपाट गेलं, भांडी गेली. पलंग मात्र शेवटी ठेवला होता, कारण भिंगरी वर जाऊन बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. तिला घेऊनच उचला, मिस्त्री म्हणाला, उतरेल आपोआप. त्यांनी उचलला. दाराशी नेला. आडवा केला, तिरका केला, मागे आणला, पुन्हा पुढे नेला. भिंगरी वर बसून नावेतल्यासारखी डुलत होती. पलंगाचे खांब चौकटीला लागले आणि तिथेच राहिले.

मुकादमाने घाम पुसला. "मिस्त्री, हा आतच जन्मला काय?"

मिस्त्रीने खिशातून टेप काढली. आधी दार मोजलं, मग पलंग, मग पुन्हा दार. मधल्या वेळात ते वाढलं असेल अशी आशा असावी. चौकट काढायचा विचार झाला, पण पुढे बोळासारखा व्हरांडा आणि वळणाचा जिना. खिडकीचा विचार झाला. ती तर आणखी अरुंद. मुकादम प्रत्येक वेळी अगदी आदराने एक प्रश्न विचारायचा. भिंत किती जुनी आहे? छप्पर उचलता येतं का? मिस्त्रीचे कान तांबडे होत गेले. कुणाच्या तरी कपाटाचं दार केसभर घासलं तर रात्रभर न झोपणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात हे असं. मी कोपऱ्यात उभी राहून पुटपुटत होते, हलवणारा तूच देवा, थांबवणारा तूच. घाबरले की माझ्या तोंडी असलंच काहीतरी येतं, आणि त्याला चालही आपोआप लागते.

शेवटी मिस्त्रीने करवत आणली. खिळे नाहीत, स्क्रू नाहीत, सांधे सरसाने एकजीव झालेले. सोडवायचा तर कापूनच सोडवावा लागणार होता. त्याने खांबावर पेन्सिलीने रेघ मारली. रेघ सरळ आली. करवत टेकवली आणि एकदा ओढली. बारीक भुसा जमिनीवर पडला.

वरून एक लहानसा हात खाली आला आणि रेघेवर पालथा पडला. बोलणं काही नाही. फक्त हात.

मिस्त्रीने करवत बाजूला ठेवली. सिस्टर पलंगाच्या खालच्या फळीवर बसली, जिथे गोष्ट सांगणाऱ्याची जागा. हमाल खिडकीकडे बघू लागले. तेवढ्यात सिस्टर अगदी सहज, वॉर्डातली गोष्ट सांगावी तशी बोलली.

"ड्युटी बदलली म्हणून वॉर्डात पेशंटची खाट कुणी हलवतं का? पेशंट तिथेच असतो. बदलतो आम्ही."

मिस्त्रीला कळलं नाही. तो म्हणाला, म्हणजे काय?

"म्हणजे पलंग इथेच राहील. भिंगरीही इथेच. एक आठवडा तुमची ड्युटी, एक आठवडा माझी. ज्याची ड्युटी नाही, त्याने आपली पिशवी उचलायची आणि बाहेर जायचं. तिने का उचलावी? वेगळं व्हायचं आपल्याला आहे, तिला नाही."

मिस्त्री एकदा दाराकडे बघे, एकदा पलंगाकडे. आणि मग वरून, गोल खिडकीतून, इतके दिवस बंद असलेला आवाज आला.

"शाळेची बस पण इथेच येते."

मुकादम दचकला. मग मिशीत हसून म्हणाला, "अहो, पलंगाने तोंड उघडलं."

मग आम्ही हसलो ते कुणाला आवरेना. हमालही हसत होते, ओझं वाचलं होतं ना. सिस्टरचं कपाट पुन्हा वर आणायला त्यांनी कुरकुर केली, पण तीही हसतच. नवी खोली सिस्टरने सोडली. ड्युटी नसेल त्या आठवड्यात तिने इस्पितळाच्या परिचारिका वसतिगृहात राहायचं ठरवलं, आणि मिस्त्रीने माझ्याकडे.

समुपदेशक बाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी पोटभर हसल्या, आणि मग चष्मा सारखा करून प्रश्न विचारायला बसल्या. असं राहणारे आई-बाप असतात, त्या म्हणाल्या, पण हे सगळ्यांना झेपत नाही. ज्यांना एकमेकांच्या चपला दाराशी दिसल्या तरी रक्त तापतं, त्यांनी या वाटेला जाऊ नये. मग एकेक काढलं. घरात वाणसामान कोण भरणार? आपापल्या चादरी वेगळ्या ठेवणार का? दुसऱ्याचा खण उघडायचा नाही, हे जमेल? एकाच्या आठवड्यात मुलीला ताप आला तर दुसऱ्याला कधी कळवणार? लगेच, दोघं एका तोंडाने म्हणाले. मोठ्या सुट्टीत कोण कुठे नेणार? कुणाला दुसऱ्या गावी जायची वेळ आली तर? आणि पुढे मागे कुणाचं दुसरं लग्न ठरलं तर? यावर दोघं खिडकीतल्या रोपाकडे बघत बसले. बाईंनीच लिहिलं की असं काही झालं तर आधी दोघांनी इथे येऊन बसायचं, मुलीला बाहेरून कळता कामा नये. आणि शेवटी, शाळा बदलेल तेव्हा सगळं पुन्हा तपासायचं. मुलं वाढतात, कागद वाढत नाही, असं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग सुरू झाली ड्युटी. वॉर्डात पाळी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला पेशंटच्या खाटेशी उभी राहून सगळं सांगते. त्याला त्या हँडओव्हर म्हणतात. खाटेशीच का, तर पेशंट ऐकत असतो, म्हणून कुणी थापा मारत नाही. आणि तिथे आपली गाऱ्हाणी सांगायची नसतात. फक्त पेशंटचं बोलायचं. सिस्टरने तोच नियम घरी लावला. पलंगाशी उभं राहायचं, पेशंट वर गोल खिडकीत.

मिस्त्रीचा पहिला हँडओव्हर मी ऐकला. तो म्हणाला, सगळं ठीक आहे. आणि पिशवी उचलली.

सिस्टरने त्याला अडवलं. हा हँडओव्हर नाही, हा निरोप झाला, ती म्हणाली. काय जेवली? झोप कशी होती? शाळेत कुणाशी बिनसलं? कशाला हसली? हा शेवटचा प्रश्न वॉर्डात नसतो, तो तिने घरासाठी वाढवला होता. मिस्त्रीला एकाचंही उत्तर धड देता येईना. खिडकीतून पेशंट त्याला खुणेने उत्तरं पुरवत होती. मुकेपणाचा सराव असा कामी आला. माझ्याकडे येताना तो रस्ताभर नापास झालेल्या पोरासारखा चालला.

पुढच्या खेपेला मात्र तो तयारीने गेला. भिंगरीने भाजी कशी टाळली, बुटाचा बंद बांधायला कशी शिकली, मैत्रिणीने खोडरबर परत दिलं नाही म्हणून कशी फुगून बसली, आणि त्याच्या नाकावर भुसा बसला तेव्हा कशी हसली. बोलता बोलता इतकं लांबलं की सिस्टरने खालच्या फळीवर बैठक मारली. लग्न झाल्यापासून तो एवढं बोलला नव्हता.

सगळं गोडच चाललं असं नाही. ओला टॉवेल पलंगाच्या दांडीवर टाकायचा की नाही यावरून एकदा समुपदेशक बाईंकडे जायची वेळ आली. मिस्त्रीने आपल्या आठवड्यात स्वयंपाकघरातली फळी हलवून चांगल्या जागी बसवली, आणि सिस्टरला डबे सापडेनात. बाईंनी निवाडा दिला: टॉवेल गच्चीवर, आणि फळी पूर्ववत, दुसऱ्याला विचारल्याशिवाय घर सुधारायचं नाही. मग मिस्त्रीने सगळी सुधारणा माझ्या घरी केली. माझं दार करकरायचं, त्यावरून मला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं कोण आलं ते. आता ते मांजरीच्या पावलाने उघडतं आणि मी दचकून उठते. पण भाऊच तो.

हे असं बघून माझ्या मनात आशा उगवली, खोटं कशाला बोलू. एकदा सिस्टरला एकटीला गाठून मी हळूच म्हटलं, बाई गं, आता एवढं छान बोलता, तर मग? ती मला एरवी ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजावं, आता फिरकी घेणार.

"वन्सं," ती म्हणाली, "वॉर्डात एखाद्या सिस्टरबरोबर हँडओव्हर छान जमतो, म्हणून काय तिच्याशी लग्न करायचं असतं?"

मी हात जोडले. देवाला मी मागितलं होतं एक, त्याने दिलं होतं दुसरंच, आणि दुसरंच बरं होतं.

सुनावणीचा दिवस आला. तोच पाळी बदलायचाही दिवस होता. न्यायाधीश बाई वयाने प्रौढ, चेहरा कडक. त्यांनी करार शांतपणे वाचला. एकदा मागे जाऊन पुन्हा वाचला. दोघांना विचारलं की हे कुणाच्या दडपणाखाली तर नाही ना? दोघं नाही म्हणाले. मला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, मुलगी आली आहे का? तिला माझ्या खोलीत पाठवा. एकटीलाच.

मिस्त्रीचा रंग उडाला. समुपदेशक बाई धीराने बघत होत्या, पण त्यांचंही बोट पेनाच्या टोपणावर थांबलं होतं. भिंगरीने आमच्याकडे एकवार पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मुकी. ठरल्याप्रमाणे. आणि ताठ मानेने आत गेली. दार लागलं.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. मिस्त्री बाकाचा सांधा बोटाने तपासत होता. सिस्टर स्वतःच्या मनगटावर स्वतःचीच नाडी बघत होती. मी देवाचं नाव घेत होते, चालीशिवाय. चाल लावायलाही धीर लागतो. आतून काही आवाज येईना. मग आला. भिंगरीचा. आधी एक शब्द, मग एक वाक्य, आणि मग ती थांबेचना. तिच्या मागोमाग एका मोठ्या बाईचं हसणं.

बाहेर आली ती उड्या मारतच. आम्ही काही विचारायच्या आत तिने सांगून टाकलं. न्यायाधीश बाईंनी आधी तिला खुर्ची दिली, मग कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, हा पलंग दारातून खरंच निघत नाही? त्यावर मुकं राहणं कुणाला शक्य होतं? मग तिने मुकादमाच्या मिशीपासून सगळं सांगितलं. मग बाईंनी विचारलं, तू वर झोपतेस की खाली? ती म्हणाली, मी वर, खाली ज्याची ड्युटी असेल ते. आणि ड्युटी कशी बदलते तेही तिने खुर्चीवर उभं राहून करून दाखवलं, दोन्ही बाजूंनी.

"आणि तो प्रश्न?" मी हळूच विचारलं.

"तो विसरल्या वाटतं," भिंगरी म्हणाली. "मी पण आठवण केली नाही."

न्यायाधीश बाई विसरल्या नव्हत्या हे आम्हाला कळत होतं. पुन्हा आत बोलावलं तेव्हा त्यांनी घटस्फोट मंजूर केला, करार मान्य केला, आणि त्यात एक ओळ आपल्या हाताने वाढवली. पाळी बदलताना आई सांगेल, वडील सांगतील, आणि शेवटी मुलीलाही बोलायची संधी द्यावी. तिने काय सांगायचं ते तिचं तिने ठरवावं. कडक चेहऱ्याच्या त्या बाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता.

बाहेर कारकुनाने शिक्का मारला. मिस्त्रीची सिस्टर ही हाक ऐकल्यावर या वेळी तो चष्म्यावरून बघून हसला आणि म्हणाला, आता शोभतं.

संध्याकाळी पलंगाशी हँडओव्हर झाला. मिस्त्रीने आठवड्याचं सांगितलं. दूध दोनदा सांडलं, ताप नाही, कविता पाठ झाली पण शेवटच्या कडव्यात अडखळते. सिस्टरने एक-दोन गोष्टी विचारल्या. मग दोघांनी एकदमच मान वर केली. गोल खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"आज मी कोर्टात गेले," भिंगरीने सुरुवात केली. "घाबरले नाही. म्हणजे थोडी घाबरले. मग घाबरायचं विसरले. बाबांनी या आठवड्यात गोष्टीत वाघ फार आणले, आईने कमी आणावेत. टॉवेलचं मी कुणाला सांगणार नाही. आणि खांबावरची ती खाच बुजवू नका, तिथे मी रिबीन अडकवते. संपलं."

करवतीची ती एक खाच अजून तशीच आहे. मिस्त्री लाकडाचा भुगा आणि सरस घालून ती बुजवणार होता. आता त्याने नुसती मान हलवली. पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि आम्ही दोघं बाहेर पडलो. मागे दारात सिस्टर उभी होती. आतून वाघाबद्दल चर्चा सुरू झालेली ऐकू येत होती.

रस्त्यावर दिवे लागत होते. मिस्त्री एका दुकानापाशी थांबला, तिथल्या दाराची चौकट नजरेनेच मोजली, स्वतःशी हसला आणि चालू लागला. जरा पुढे गेल्यावर तो गुणगुणायला लागला. त्याला सूर कधीच लागला नाही, ताल तर देवाघरीच राहिलेला. पण शब्द मी ओळखले. हलवणारा तूच देवा, थांबवणारा तूच. मी मागून साथ धरली, आणि माझ्या घराचं न करकरणारं दार येईपर्यंत आम्ही बहीण-भाऊ तसेच गात गेलो.